नाशिक नावाचं स्थळ

नाशिकनं माझा अपमान केला. भर दिवसा, चारचौघांत. मी लुटला जायच्या पूर्ण तयारीनं गेलो होतो आणि त्या एवढ्या मोठ्या शहरात एकाही माणसाला मला लुटावंसं वाटलं नाही. बंडीला आतून चोरखिसा शिवून घेतला होता, घड्याळ घरी काढून ठेवलं होतं, पायात इतक्या जुन्या चपला घातल्या होत्या की त्या मागच्या मागं घरी परत निघाल्या होत्या. आदल्या संध्याकाळी गोठ्यात उभं राहून मी शिव्यांची उजळणी केली होती. रिक्षावाल्यासाठी वेगळ्या, दुकानदारासाठी वेगळ्या, आणि दोन खास घरमालकांसाठी राखून ठेवलेल्या. त्या ऐकून आमची म्हैस दोन दिवस पान्हावली नाही. एवढा दारूगोळा घेऊन गेलो आणि तसाच्या तसा परत आणला. अजून पोटात आहे. मला रात्री करपट ढेकर येतात ते त्याचेच.

पण माझा खरा राग नाशिकवर नाही. तो कुणावर आहे ते कळायला आधी आमचं गाव कळलं पाहिजे.

घोटीच्या पुढं, भातखाचरात गुडघ्यापर्यंत रुतून बसलेलं आमचं गाव. नाशिक काही फार लांब नाही. आमचा कोंबडा जरा मनावर घेऊन आरवला तर निम्म्या वाटेवर ऐकू जाईल. तरी नाशिकबद्दल आमच्या दूध डेअरीच्या ओट्यावर जी माहिती मिळते ती ऐकली तर परदेशातून आलेला माणूस विमानतळावरूनच परत जाईल. नाशकात पाणी मागितलं तर दार लावतात. नाशकात शेजारी मेला तर वासावरून कळतं. नाशकात पोरगी पाठवली तर ती परत येत नाही, आणि आली तरी ती तीच असते याची खात्री नाही. आणि हे सांगणारे कोण? ज्यांनी नाशिक फक्त तीन दारांतून पाहिलं असे लोक. मोठा दवाखाना, कोर्ट आणि मार्केट यार्ड. आता मला सांगा, एखाद्या गावात माणूस फक्त मरायला टेकलेला बाप, बांधाचं भांडण आणि सडायला लागलेले टोमॅटो घेऊनच जाणार असेल, तर त्याला ते गाव कसं दिसेल? स्वर्गात जरी हे लोक असं सामान घेऊन गेले, तरी येऊन म्हणतील, इंद्र लय माजलाय.

माझ्या थोरल्या भावाचं नाशिकशी वैर मात्र वेगळं. ऐन तरुणपणी त्याच्या कोऱ्या करकरीत चपला देवळाबाहेरून गेल्या. देऊळ होतं त्र्यंबकेश्वरचं. पण ज्योतिर्लिंगाच्या गावाला नाव ठेवायची छाती नाही, म्हणून त्यानं तो गुन्हा नाशिकच्या नावावर टाकला आणि आजतागायत मागं घेतला नाही. "चोर नाशिकचाच असणार," असं तो म्हणतो. जणू चोरानं जाताना पत्ता देऊन ठेवला होता.

अशा या दादाची धाकटी लेक, माझी पुतणी, यंदा बारावी झाली आणि तिला नाशिकच्या एका कॉलेजात डोळे तपासायच्या कोर्सला प्रवेश मिळाला. चष्म्याचे नंबर काढायचे, डोळ्यात औषध टाकून आतलं बघायचं, असं काहीतरी. घरात ही बातमी आली तेव्हा वहिनींनी देवापुढं साखर ठेवली आणि दादानं ती उचलून चहात टाकली. कॉलेजला वसतिगृह नव्हतं. रोज जाऊन-येऊन करायला दादा पाठवणार नव्हता. मग पोरीनंच मैत्रिणीच्या ओळखीनं इंदिरानगरात एक खोली शोधून काढली. एका बाईंचं घर, वरच्या मजल्यावर आधीच दोन मुली राहतात, तिसरीची जागा आहे. पण त्या आठवड्यात हो किंवा नाही सांगायचं होतं. खोली गेली की कॉलेज गेलं. आणि कॉलेज गेलं की मामा.

मामा म्हणजे माझे किंवा पोरीचे नव्हेत, अख्ख्या गावाचे मामा. सोयरिकी जमवणं हा त्यांचा धंदा नाही, व्यसन आहे. दोन कावळे तारेवर शेजारी बसलेले दिसले तरी ते त्यांचं गोत्र विचारतील. आमच्या पुतणीसाठी त्यांच्या खिशात एक स्थळ तयारच होतं. मुलाबद्दल विचारलं की मामा ट्रॅक्टरबद्दल सांगायचे. "मुलगा कसा हाय?" म्हटलं की, "पन्नास हॉर्सपॉवर!"

तर या मामांनी दादाला सल्ला दिला. "पोरीचं मन मोडू नका. आपण रीतीनं जाऊ. स्थळ बघायला जातो तसं नाशिक बघू. घर बघू, शेजारपाजार बघू, चौकशी करू. पसंत पडलं तर पोर तिकडं. नाय पडलं तर आवणी उरकली की माझ्या पावण्यांना बोलवतो."

दादाला हे फार न्यायाचं वाटलं. म्हणजे बघा, कोंबडी चांगली आहे की नाही हे ठरवायला कोल्ह्याला पंच नेमला, आणि वर म्हणे न्याय! मी तिथंच ओरडलो. "दादा, अरे यांच्याच खिशात दुसरं स्थळ आहे!" दादा म्हणाला, "तू गप. तुला बोलता येतं म्हणून तुला बरोबर घेतोय. बोलायचं कधी ते मी सांगन." दिवसभर त्यानं ते सांगितलं नाही.

राबात भाताची रोपं उगवून आली होती, ती खाचरात लावायच्या आवणीला अजून अवकाश होता, पावसानं दडी मारली होती आणि हवा अशी दमट की शर्ट पिळला तर वाटीभर पाणी निघावं. घोटीपर्यंत काळीपिवळी जीपनं गेलो, तिथून एसटी. मी, दादा, मामा आणि पुतणी. स्थळ बघायला मुलीला नेत नाहीत, म्हणून मामा कुरकुरले. पोरगी म्हणाली, "मामा, घर मी शोधलंय. पत्ता माझ्याकडं हाय. मला नाय नेलं तर तुम्ही कुणाचं घर बघणार?" मामा खिडकीबाहेर बघायला लागले.

बसमध्ये मामांनी नियम सांगितले. आमच्याकडं स्थळ बघायला गेलं की त्या घरची माणसं पाण्याचा तांब्या पुढं करतात. मनात नसेल तर हात लावून तसाच खाली ठेवायचा. पाणी प्यायलं म्हणजे बोलणी पुढं. म्हणून नाशकात पाय टाकल्यापासून कुणीही पाणी प्यायचं नाही, चहा नाही, सरबत नाही. बायकोनं दिलेली बाटली मामांनी माझ्या हातातून काढून घेतली आणि पिशवीत तळाला घातली. का, तर ती मी नाशिकमध्ये प्यायलो तर कोणत्या गावाचं पाणी धरायचं, याबद्दल पुढं वाद होईल.

स्टँडवर उतरलो. आता पहिली लढाई रिक्षावाल्याशी. दादानं मनात एक आकडा धरला होता, तेवढे तो सांगेल आणि आपण त्याच्या निम्मे द्यायचे. रिक्षावाल्यानं दादानं धरलेल्या निम्म्याहूनही कमी सांगितले. दादा दचकला. घासाघीस करायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं. मग माझ्या कानात म्हणाला, "एवढं स्वस्त? नक्की कुठंतरी आडबाजूला नेतो हा." आणि सबंध रस्ताभर दादा वळणं पाठ करत बसला. डावीकडं मेडिकल, उजवीकडं साड्यांचं दुकान, परत मेडिकल. नाशकात इतकी मेडिकल आहेत की दादाच्या हिशोबानं आम्ही एकाच दुकानाभोवती गिरक्या घेत होतो. माझ्या जिभेवर शिव्या तयार होत्या. रिक्षावाला पत्त्यावर नेऊन उभा राहिला, पोरीला म्हणाला, "ताई, हीच गल्ली, निळं गेट," आणि गेला. गेला! मी त्याच्या मागं बघत राहिलो. माणसाला एवढी तयारी करायला लावायची आणि ऐन वेळी असं सरळ वागायचं, ही काय रीत झाली?

मामांनी आम्हाला गेटबाहेरच थांबवलं. "सांगितलेल्या वेळेच्या आधी आलोय आपण. आता गोठा बघू."

"मामा," पोरगी म्हणाली, "इंदिरानगरात गोठा?"

"गोठा बघितला की घर कळतं. माणूस पावण्यांसमोर गोड बोलतो, जनावरासमोर खरा असतो."

खाली पार्किंग होतं. मामा आत शिरले आणि त्यांनी, देवाशप्पथ सांगतो, स्कूटरी तपासायला सुरुवात केली. एकीच्या सीटवर हात फिरवला. दुसरीचं चाक दाबून पाहिलं. तिसरीच्या खाली वाकून बघितलं, शेण कुठं पडतं ते बघावं तसं. एका बुलेटच्या तर त्यांनी तोंडात हात घालून दात मोजले असते, पण तेवढ्यात तळमजल्याचं दार उघडलं आणि बनियनवरचा एक गृहस्थ बाहेर आला.

आता आमच्या गावात परका माणूस तुमच्या गाडीखाली वाकलेला सापडला तर आधी दोन कानाखाली बसतात आणि मग नाव विचारतात. नाव ओळखीचं निघालं तर चहा, नाहीतर आणखी दोन. म्हणून मी डोळे मिटून घेतले. खोटं कशाला बोलू, थोडा आनंदानंच मिटले.

"काका, काही शोधताय का?" तो गृहस्थ म्हणाला.

"गोठा," मामा म्हणाले. भीतीपोटी माणूस खरं बोलतो.

गृहस्थानं मामांकडं पाहिलं. मग पोरीकडं पाहिलं, तिच्या हातातल्या कागदपत्रांच्या पिशवीकडं पाहिलं, आणि त्याला काय कळायचं ते कळलं असावं. "वरच्या खोलीसाठी आलात होय? ताई दहा मिनिटांत येतील बाजारातून. उन्हात नका उभे राहू, इथं पायरीवर बसा." आणि दार लोटून आत गेला. लावून नव्हे, लोटून. त्यानं आमचं आडनावही विचारलं नाही.

मामांना हे फार लागलं. "बघितलं?" ते म्हणाले. "परकी माणसं दारात बसलीत आणि हा विचारतसुद्धा नाय, कुठलं गाव, कोण पावणे. हे काय माणुसकीचं लक्षण?"

"मारलं नाही हे काय कमी हाय का?" मी म्हणालो.

"तू गप," दादा म्हणाला.

मग चौकशी. स्थळाची चौकशी करायला आमच्याकडं तीन ठिकाणं पक्की. न्हावी, पिठाची गिरणी आणि भाऊबंद. भाऊबंद सापडेनात, न्हाव्याच्या दुकानात थंड हवा सोडलेली, तिथं जायला मामांचं धाडस होईना. गिरणी मात्र कोपऱ्यावरच होती. गिरणीवाला पिठानं पांढरा झालेला, तरणाबांड माणूस. मामा त्याच्याशी असे बोलू लागले जणू लहानपणी दोघं एकाच विटीदांडूनं खेळले होते.

"त्या निळ्या गेटातल्या बाई, कशा हायेत हो?"

"चांगल्या आहेत."

"नाय, म्हणजे कशा हायेत?"

"गहू चांगला आणतात."

"ते झालं. पण येणं-जाणं कसंय? कोण येतं, कोण जातं? पोरी राहतात ना वर? कितीला येतात रात्री?"

गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला. गिरणी थांबल्यावर जी शांतता होते तिच्यात माणसाचा आवाज फार मोठा ऐकू येतो. "काका," तो म्हणाला, "मी गिरणी चालवतो. लोकांची पोरं सांभाळत नाही. दळण आणलंय का?"

"नाय."

"मग बाजूला व्हा, मागं गिऱ्हाईक उभं आहे."

मामा तोंडावर पीठ घेऊन परत आले. तोंडावर म्हणजे खरंच. आणि दादाला म्हणाले, "चौकशीत काय हाती येईना. कुणी कुणाचं काय सांगायला तयार नाय. असल्या ठिकाणी पोरीचं कमीजास्त झालं तर गावाला कळणार कसं?"

आणि तिथं, त्या कोपऱ्यावर, दमट उन्हात, तहानेनं जीभ टाळ्याला चिकटलेली असताना मला राग आला. आधीचे सगळे राग म्हणजे नुसती पिपाणी होती, हा नगारा. कारण मला एकदम आमच्या गावचा एसटी थांबा आठवला. ही पोर कॉलेजला निघाली की डेअरीचा ओटा उठून उभा राहायचा. आज ओढणी कुठली, आज फोनवर कोणाशी बोलली, काल बस उशिरा का आली. बस उशिरा आली तरी पोरीलाच जाब! पंक्चर झालं टायर आणि चारित्र्य गेलं हिचं. दोन वर्षं या पोरीनं खाली मान घालून तो थांबा काढला. आणि ज्या गावात तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही, त्याला हे लोक म्हणतात धोक्याचं ठिकाण! मी दादाला तेच म्हणणार होतो. पण दादानं बोट ओठावर ठेवलं, आणि निळ्या गेटातून बाई आत शिरताना दिसल्या.

बाई साठीच्या. नवरा गेलेला, मुलगा बाहेर देशात. हातात भाजीची पिशवी, चेहऱ्यावर हसू नाही आणि रागही नाही. आम्हाला वर नेलं, पंखा लावला, चार ग्लास पाणी आणून ठेवलं. मामांनी ग्लासाला बोट लावलं आणि खाली ठेवला. दादानं बोट लावलं आणि खाली ठेवला. मी मात्र ते दोघं इकडंतिकडं बघत असताना माझा ग्लास पिऊन टाकला, आणि मग दादाचाही. माझ्या घशाला रीतभात कुणी शिकवलेली नाही.

मामांनी चौकशी सुरू करायला घसा खाकरला, तर बाईच म्हणाल्या, "आधी मी विचारते. मुलीला भेटायला तुमच्याकडून कोण कोण येणार?"

"का बरं?" दादानं विचारलं.

"मागच्या मुलीचे गावचे लोक यायचे. आज काका, उद्या मावसभाऊ, परवा गावातला कोणी. सहज म्हणून. बसायचे आणि कपाटाकडं बघायचे. शेवटी ती मुलगी खोली सोडून गेली. तर आई, वडील आणि आणखी एक कोणी, त्यांनी यावं, फोन करून. बाकीच्यांना मी गेटावरूनच पाठवते."

म्हणजे बघा! आम्ही बघायला गेलो होतो शहर चांगलं आहे का, आणि शहर बघत होतं आम्ही धड आहोत का. गावात आम्ही नाशिकची बदनामी करत होतो आणि इथं आमची बदनामी आमच्याआधी जिना चढून बसली होती. आणि ती खरी होती, हे त्याहून वाईट.

मग बाई पुतणीकडं वळल्या. "तुला राहायचंय का इथं?"

एवढंच. साधा प्रश्न. आमच्या घरात महिनाभर या विषयावर इतकं बोलणं झालं होतं की त्या शब्दांची भिंत घातली असती तर म्हशी आत आल्या नसत्या. वहिनी बोलल्या, दादा बोलला, मामा बोलले, मी तर बोललोच बोललो. पण हे पोरीला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. ती दादाकडं न बघता म्हणाली, "हो." इतक्या हळू की पंख्याच्या आवाजात मला ते ओठांवरून कळलं.

मामा उठले. "जरा पान खाऊन येतो," म्हणत खाली गेले. मी खिडकीतून बघितलं तर पान-बिन काही नाही, कानाला फोन. मामींशी बोलत होते. वाऱ्यानं तुकडे वर आले. "...पोरीचा जीव लागला इथं... बापाचं काय सांगता येत नाय..." मग परत आले आणि साधुसंतासारखे बसले.

खोली बघितली. तीन खाटा, तीन टेबलं, खिडकीत वाळत घातलेले मोजे. आधीच्या दोघींपैकी एक अभ्यासाला बसली होती, तिनं मान वर करून "हाय" म्हटलं आणि परत पुस्तकात घातली. दादानं दाराची कडी तपासली. खालून वरून, दोनदा. कडी चांगली होती. मला त्याचं तोंड वाचता येतं. त्याला दोष सापडत नव्हता आणि तो दोष शोधत होता, कारण दोष सापडला नाही तर हो म्हणावं लागलं असतं, आणि हो म्हटलं तर गावात तोंड दाखवावं लागलं असतं. शहराची भीती नव्हतीच त्याला. भीती ओट्याची होती.

आम्ही परत बैठकीच्या खोलीत बसलो आणि दादाचा फोन वाजला. दादा फोन कानाला लावत नाही. भाकरीसारखा तळहातावर आडवा धरतो, मोठा आवाज लावतो आणि त्याच्यावर ओरडतो. त्यामुळं त्या घरातल्या सगळ्यांनी ते ऐकलं. बाईंनी, आतल्या मुलीनं, आणि पुतणीनं. फोन मामांच्या त्या पाहुण्याचा होता, ट्रॅक्टरवाल्या मुलाच्या बापाचा.

"काय पावणं, ऐकलं ते खरं का?"

"काय ऐकलं?"

"पोरगी पळाली म्हणे नाशकाला. कोणासंगं तरी."



"कोण म्हणतं?" दादानं विचारलं.

"सगळंच म्हणतात. मामींचा फोन आला आमच्या हिला. जीव लागलाय म्हणे पोरीचा तिकडं कुणावर. बरं झालं आपली बोलणी पुढं गेली नव्हती. आमच्या घराण्याला असलं..."

"पावणं," दादा म्हणाला, "पोरगी माझ्यापुढं बसलीय. खुर्चीवर. मी बाप हाय तिचा, मीच घेऊन आलोय."

पलीकडून एक छोटंसं हसू आलं. "तसं म्हणावंच लागतं हो. बापाला दुसरं काय म्हणता येतं?"

मी आयुष्यभर थापा मारत आलोय. माझ्या थापेत बेडूक बैल गिळतो आणि ढेकर देऊन पैसे परत मागतो. पण माझ्या थापेनं कुणाचं कधी वाटोळं झालं नाही, आणि एवढ्या वेगानं तर ती कधीच पळाली नाही. एक पान खायच्या वेळात "जीव लागला" हा शब्द खाली उतरला, घोटी ओलांडली, गावात गेला, पाहुण्याच्या घरी जाऊन पोरगी पळवून परत नाशकात आला! आणि ती पोरगी माझ्या समोर, मांडीवर कागदांची पिशवी घट्ट धरून बसलेली. तिच्या बापाचा शब्दसुद्धा आता कुणी धरणार नव्हतं. मी मामांकडं बघितलं. त्या सगळ्या राखून ठेवलेल्या शिव्या एकदम दाराशी आल्या आणि दारात अडकून बसल्या.

दादा माझ्याहून हुशार निघाला. तो शिवी देत नाही, कधीच नाही. त्यानं फोन तोंडाजवळ नेला आणि सावकाश म्हणाला, "खरं हाय, पावणं. पळाली. मीच पळवली. आता इथंच ठेवतोय. सगळ्यांना सांगा."

फोन बंद केला. पालथा ठेवला.

"अहो, पण रीत..." मामा सुरू झाले.

"मामा, तुम्ही खाली जाऊन बसा. गोठ्यात."

मामा गेले. दादानं समोरचा ग्लास उचलला. रिकामा होता, मी पिऊन टाकलेला. त्यानं माझ्याकडं जे बघितलं ते मी इथं लिहीत नाही. मग तो बाईंना म्हणाला, "ताई, जरा पाणी देता का?" बाईंनी तांब्याच आणून दिला. दादा घटाघटा प्याला, इतका की अर्धं पाणी सदऱ्यावरून खाली गेलं, आणि ते पुसायच्या निमित्तानं त्यानं बराच वेळ तोंड पुसलं.

पोरगी आम्हाला गेटपर्यंत सोडायला आली. रडली नाही. म्हणाली, "बाबा, आईला सांगा कडी चांगली हाय." दादा जागचा हलेना. मला वाटलं त्याचा विचार बदलला. पण तो समोरच्या गच्चीकडं बघत होता. तिथं एक माणूस कुंड्यांना पाणी घालत होता. गेटात एक तरणी मुलगी उभी, बाप उभा, गावाकडचे दोन पुरुष उभे, आणि हा माणूस आपला झाडांशी बोलतोय. दादा तो कधी वळून बघतो याची वाट बघत होता. तो वळलाच नाही. झारी संपली, आत गेला. मग दादा म्हणाला, "जा गं आत, ऊन लागतंय."

परतीच्या एसटीत मामा पुढं ड्रायव्हरच्या मागं बसले आणि आम्ही शेवटच्या बाकावर. इगतपुरीच्या ढगांकडं बघत दादा एकच वाक्य बोलला. "आता ते तिथं जातील."

मला तो काय म्हणतोय ते लगेच कळलं. ओटा. मामांना खाली ढकलून ओटा थांबत नाही. आज ना उद्या कुणीतरी कोर्टाच्या तारखेला जाणार, कुणी टोमॅटो घेऊन, आणि सहज म्हणून इंदिरानगरात डोकावणार. बाई गेटावरून पाठवतील. पण गेटाबाहेर उभं राहून बघायला, आणि गावात येऊन सांगायला काय लागतं?

म्हणून उतरलो तो सरळ डेअरीच्या ओट्यावर गेलो, दादा आणि मामा मागं होतेच. सगळे जमलेलेच होते. तोंडं अशी, जणू तेराव्याला आले आहेत पण जेवण चांगलं आहे.

"काय मग, कसंय नाशिक?"

मी कपाळाला हात लावला. म्हणालो, "बाबांनो, जाऊ नका. हात जोडतो, जाऊ नका. इंदिरानगरात परका पुरुष दिसला की कुत्री सोडत नाहीत, बायका सोडतात. तळमजल्यावर एक पैलवान ठेवलाय, तो आधी आधार कार्ड मागतो आणि मग ते खातो. मामांना त्यानं स्कूटरला बांधून ठेवलं होतं, विचारा मामांना. गिरणीत जाऊन कुणाबद्दल एक शब्द विचारला तर पट्ट्यावर घालतात. मामांच्या कानात बघा, अजून पीठ आहे. आणि त्या घरमालकीण बाई! बाई कसल्या, फौजदार. नावं लिहून घेतात. गावात कोण कोण त्यांच्याकडच्या पोरींबद्दल बोलतं, त्यांची."

एकानं दादाकडं बघितलं. दादा उभ्या जन्मात खोटं बोललेला नाही. देवळापुढच्या चपलांची गोष्ट सोडली तर. तो म्हणाला, "खरं हाय. लय वाईट गाव." आणि घरी गेला.

मामांनी कानात बोट घातलं. पीठ निघालं. त्यानंतर माझ्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही.

या सगळ्याला आता बरेच दिवस झाले. आवणी उरकली. राग काही उरकला नाही. उलट भाताबरोबर फुटवे फुटले त्याला. कारण मला नंतर दिसायला लागलं की मी जे कुंपण घातलंय त्याच्या आत एक पोरगी सुखरूप आहे, पण बाहेर बाकीच्या उभ्या आहेत, आणि त्यांचे बाप ओट्यावर बसून माझी थाप खरी मानून माना डोलावत आहेत. "लय वाईट गाव. पोरी पाठवायच्या नाय." माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर. मी तोंड उघडून खरं सांगावं तर ओटा उद्याच्या एसटीनं इंदिरानगरात. न सांगावं तर हे असं. मी घरी येऊन बायकोवर ओरडायचो, भाजीत मीठ नाही म्हणून. मीठ असायचं.

परवा दुपारी मी परसात लसूण सोलत बसलो होतो. मागच्या दारानं वहिनी आल्या, आणि त्यांच्या मागं खालच्या आळीतली एक बाई. तिची मुलगी अकरावीला आहे, रोज त्याच थांब्यावर उभी राहते. बाई बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "भाऊजी, खरं सांगा. ओट्यावर सांगता ते नको."

मी वहिनींकडं बघितलं. वहिनींनी 'सांगा' अशी मान हलवली.

मग मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिखटमीठ न लावता. रिक्षावाला सरळ होता. शेजाऱ्यानं हाकललं नाही. गिरणीवाल्यानं चुगली केली नाही. खोलीला कडी आहे. पोर आठवड्याला फोन करते, परवा तिनं पहिल्यांदा कुणाच्या तरी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. सांगताना मला माझाच कंटाळा आला, इतकं साधं होतं ते. बाई मात्र तोंडात पदर धरून ऐकत होती.

"तिथं पोरगी बाहेर निघाली की कोण बघतं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही."

"कोणीच?"

"एक माणूस गच्चीत होता. तोही झाडांना पाणी घालत होता."

तिनं तोंडातला पदर काढला. मग पदर कमरेला खोचला.

"घरच्यांना मी सांगते माझं मी," ती म्हणाली. "तुम्ही फक्त ओट्यावर सांगता ते सांगत राहा. जरा जास्तच सांगा."

आज संध्याकाळी ओट्यावर मी तळमजल्याच्या पैलवानाला एक भाऊ दिला.